हिरव्या गाडीचा मागचा दिवा

प्रयोगशाळेच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्री घातलेली एक हिरवी गाडी गेले वर्षभर उभी आहे. पालकसभेला येणारे पुष्कळ जण ती कोणाची म्हणून विचारतात. काहींनी तर लेखी विचारणा केली. एका पत्रात असे होते की, अकरावीच्या मुलांना दुपारच्या वेळी गाडीखाली घालण्यापेक्षा सराव परीक्षा घ्याव्यात, आम्हाला मुलांना मेकॅनिक करायचे नाही. पत्र सभ्य भाषेत होते आणि त्यामागची काळजीही खरी होती. म्हणून वार्तापत्राच्या या अंकात त्या गाडीची हकीकत जरा सविस्तर सांगत आहोत. विश्वस्त मंडळींपैकी ज्यांनी खर्चाचा हिशेब मागितला होता, त्यांनाही यातच उत्तर मिळेल.

गाडी फोक्सवॅगनची आहे, १९७० सालची, '१३००' या नावाची. जग तिला बीटल म्हणते, आमच्या बालवाडीतली मुले कासव म्हणतात आणि तेच अधिक शोभते. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, बॅटरी मागच्या सीटखाली. इंजिन थंड ठेवायला पाणी नाही, फक्त पंख्याची हवा. या आकाराच्या दोन कोटींहून अधिक गाड्या जगात तयार झाल्या आणि शेवटची २००३ साली मेक्सिकोत बाहेर पडली. पुण्याजवळ चाकणला याच कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला, त्यामुळे नाव मुलांच्या ओळखीचे होते. गाडी मात्र ओळखीची नव्हती.

आमच्याकडे एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या सरांची ही गाडी. त्यांचे थोरले बंधू जर्मनीत नोकरीला होते. ते कायमचे परत आले तेव्हा बरोबर गाडी घेऊन आले आणि पुढे ती सरांकडे आली. जर्मनीतून आलेली म्हणून स्टिअरिंग डावीकडे. इंदूरच्या रस्त्यावर डावीकडे बसून गाडी चालवणारे सर आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असतील. ओव्हरटेक करायचे झाले की शेजारी बसलेल्याला विचारायचे, "बघ रे, समोर काही आहे का?" सर गेल्यावर काकूंनी गाडी शाळेला दिली. विश्वस्त मंडळाने ठराव केला की, गाडी चालू होऊन परिवहन खात्याच्या तपासणीत उतरली तर शाळेने ठेवावी, नाही तर विकून येणारी रक्कम प्रयोगशाळेच्या छपराला लावावी. छप्पर खरोखरच गळते, त्यामुळे ठरावाला आमचाही विरोध नव्हता.

इंजिन फारसा त्रास न देता सुरू झाले. अडले ते मागच्या दिव्यापाशी.

दिवा ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण ज्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे तिच्या बाबतीत ती किरकोळ नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. चालकही डावीकडे बसला, तर त्याने हात बाहेर काढून केलेली खूण मागून येणाऱ्याला दिसणार कशी? म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम १२० मध्ये, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत असलेच पाहिजे असे वेगळे लिहिले आहे. दिवे नाहीत तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर गाडी शाळेची नाही.

आता बिघाड काय होता ते सांगतो. मागे दोन्ही बाजूंना एकेक दिव्याचे घर आहे. वरचा पिवळा भाग इंडिकेटरचा. खालच्या लाल भागात एकच बल्ब, पण त्यात दोन फिलामेंट: टेल लाइटचे ५ वॅटचे आणि ब्रेक लाइटचे २१ वॅटचे. रात्री दिवे लावले की दोन्ही बाजूंचे टेल लाइट व्यवस्थित लागत. गॅरेजवाला एवढेच पाहून "एकदम ओके" म्हणून मोकळा झाला होता. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एका मुलाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितले आणि बाकीची मुले मागे उभी केली. डावा दिवा लखकन वाढला. उजवा वाढला तर नाहीच, उलट मंदावला! आणि पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने ओरडून सांगितले की, पुढच्या उजव्या मडगार्डवरचा पिवळा इंडिकेटर विस्तवासारखा मिणमिणतो आहे. ब्रेक दाबावा तर मागचा दिवा विझू लागावा आणि पुढचा जागा व्हावा. उजवी बाजू म्हणजे मागून येणाऱ्या रहदारीची बाजू. ट्रकवाल्याला अंधारात काय दिसत असेल याची कल्पना करावी: समोरची गाडी थांबते आहे आणि नेमका त्याच्या समोरचा लाल दिवा अंधुक होतो आहे. दिवा दूर गेला की अंधुक होतो, हे आपल्या डोळ्यांना पक्के ठाऊक असते.

गॅरेजवाल्याने यावर संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला दिला. खर्च ऐकून आम्ही त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

गाडीच्या खणात बंधूंनी जपून ठेवलेली दुरुस्तीची जर्मन पुस्तिका होती आणि तिच्या शेवटी तारांचा नकाशा. जर्मन कोणालाच येत नव्हते. पण त्या नकाशाची गंमत अशी की, तो वाचायला जर्मन फारसे लागतच नाही. जर्मनांनी मोटारीतल्या प्रत्येक टोकाला शब्दाऐवजी आकडा दिला आहे. त्याचे मानक आहे, क्रमांक डीआयएन ७२५५२. ३० म्हणजे थेट बॅटरीची धन बाजू. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी तार. ३१ म्हणजे परतीची वाट, ज्याला आपण अर्थ म्हणतो. ५४ ब्रेक लाइट, ५६ हेडलाइट, ५८ टेल लाइट. टेल लाइटला पुन्हा डावे-उजवे वेगळे: ५८ एल आणि ५८ आर.

डावे-उजवे वेगळे कशाला, असे एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. जर्मनीत अंधाऱ्या रस्त्यावर गाडी उभी केली तर तिच्यावर दिवा ठेवावा लागतो, आणि वस्तीत मोटारीला फक्त रहदारीकडच्या बाजूचा दिवा ठेवला तरी चालते. रात्रभर चारही दिवे जाळून बॅटरी संपवण्यापेक्षा एकच बाजू जाळावी, यासाठी दोन बाजूंच्या तारा वेगळ्या. शिवाय एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बाजू शिल्लक राहते.

हे आकडे परके आहेत असेही नाही. आपल्याकडच्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला रिले दाखवा, तो ३०, ८५, ८६, ८७ असे पाढ्यासारखे म्हणून दाखवील. ते याच जर्मन मानकातले आकडे आहेत. कोणीतरी, कुठेतरी बसून ठरवले की आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसालासुद्धा ही तार ओळखता यावी, आणि पन्नास वर्षांनी इंदूरच्या अकरावीतल्या मुलीला ती ओळखता आली. आम्हाला या गोष्टीचे अजून नवल वाटते.

आकड्यांबरोबर रंगही ठरलेले आहेत. तपकिरी म्हणजे अर्थ. लाल म्हणजे बॅटरी. काळी म्हणजे चावीनंतरची जिवंत तार. करड्यावर काळी रेघ हा डावा टेल लाइट, करड्यावर लाल रेघ हा उजवा. ब्रेक लाइटला काळ्यावर लाल रेघ. इंडिकेटरला काळ्यावर पांढरी रेघ डावीकडे, काळ्यावर हिरवी उजवीकडे. मुलांनी फळ्यावर तक्ता काढला, दोन दिवसांत तो पाठ झाला (संधीचे नियम वर्ष झाले तरी होत नाहीत, हे जाता जाता), आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजपासून काम सुरू झाले. चिनीमातीचे टोकदार फ्यूज, त्यावर उघडी पत्र्याची पट्टी, सगळ्यांवर हिरवट गंज. पॉलिश पेपरने टोके घासली. पुढच्या भागात प्रत्येक तार नकाशाबरहुकूम सापडली. मुले खूश.

मागे इंजिनापाशी पोचल्यावर मात्र नकाशा संपला. म्हणजे कागदावर होता, गाडीत नव्हता. इंजिनाच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचे मोठे गाठोडे. ते सोडवले तर पुढून येणाऱ्या करड्या आणि रेघांच्या तारा तिथे तोडलेल्या, आणि पिळा मारून त्यांना दुसऱ्याच तारा जोडलेल्या. दोन्ही टेल लाइटला सरळ लाल. ब्रेक आणि इंडिकेटरला हिरव्या. शिवाय दोन्ही दिव्यांच्या घरातून निघून मडगार्डच्या आत जाणारी एकेक काळी तार. कधीतरी उंदरांनी मूळ तारा खाल्ल्या असाव्यात आणि कोणीतरी मागचा भाग नव्याने केला असावा. "हाताला जी तार लागली ती जोडली," असा निकाल मुलांनी दिला.

काळ्या तारेवर दोन दिवस गेले. फळ्यावरचा तक्ता सांगत होता की काळी म्हणजे चावीनंतरची जिवंत तार. मुलांनी ठरवले, तिला हात लावायचा नाही. एका मुलाने खात्री करण्यासाठी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी उजव्या बाजूच्या त्या काळ्या तारेला लावली. ब्रेक सोडलेला असताना जवळजवळ शून्य. ब्रेक दाबला की नऊ व्होल्ट. झाले! तक्ताही तेच सांगतो आणि मीटरही तेच सांगते, तेव्हा तार जिवंतच. पण बारा का नाहीत, नऊच का, हा प्रश्न त्याच मुलाने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. नऊचा हिशेब कोणालाच जमेना.

तेव्हा आम्ही छावणीकडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावणे पाठवले. वय सत्तरीपलीकडचे, दुकान आता मुलगा पाहतो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो. उस्तादांनी मीटरकडे पाहिलेही नाही. खाली वाकून तारांचे रंग पाहिले आणि हसले.

"मॅडम, ये तो अंबेसडर की भाषा है. किसी अंबेसडर वाले ने किया है, और अच्छा किया है."

मग त्यांनी मुलांना जे सांगितले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. अँबॅसडर ही मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी, त्यामुळे तिची तारांची रीत इंग्रजी, लुकासची. त्या रीतीत लाल म्हणजे टेल लाइट. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली तार, म्हणून ब्रेक आणि इंडिकेटर हिरव्या कुळातले. काळी म्हणजे अर्थ. आणि तपकिरी? तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट येणारी जिवंत तार! जर्मन गाडीत जी सर्वांत निरुपद्रवी, ती इंग्रजी गाडीत सर्वांत सांभाळून हात लावण्याची. ज्याने ही मागची बाजू केली त्याने हाताला येईल ती तार जोडलेली नव्हती. त्याच्या भाषेत त्याने एकूण एक तार शुद्ध लिहिली होती. फक्त गाडी निम्मी जर्मन आणि निम्मी इंग्रजी झाली, आणि दोन्ही भाषा एका चिकटपट्टीखाली पिळ्याने बांधल्या गेल्या.

हे ऐकताना आम्हाला आमचे कॉलेजचे दिवस आठवले. आमची पदवी हिंदी माध्यमाची. भोपाळच्या हिंदी ग्रंथ अकादमीच्या पुस्तकांतून शिकलो, म्हणून आजही फळ्याशी उभे राहिलो की आधी 'प्रतिरोध' तोंडात येतो आणि मग 'रोध'. तेवढ्याने बिघडत नाही, दोन्ही शब्दांवरून अर्थ कळतो. पंचाईत होते ती शब्द तोच आणि अर्थ वेगळा असतो तेव्हा. 'शिक्षा विभाग' अशी पाटी असलेली जीप आवारात आली की पहिलीतली मुले अजूनही बिचकतात. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि मराठीतली काय ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पाटी चुकीची नसते, मुलेही चुकत नाहीत. गाडीतली काळी तार अशीच होती.

काळी तार अर्थची आहे असे एकदा धरल्यावर नऊ व्होल्टचा उलगडा मुलांनीच केला, आणि तो पाहण्यासारखा होता. अर्थच्या तारेवर व्होल्ट नसावेतच. आहेत, याचा अर्थ ती अर्थला टेकलेलीच नाही. उस्तादांनी मडगार्डच्या आत बोट घालून दाखवले: काळ्या तारेच्या टोकाचे थिंबल बोल्टखाली घट्ट बसलेले, पण त्याखाली रंगाचा जाड थर. रंग म्हणजे विजेला भिंत. डावीकडेही तसाच रंग होता, पण तिथे बोल्ट आवळताना आट्यांनी तो खरवडला गेला होता. या गाडीचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असते आणि ते व बॉडी यांच्यामध्ये बीडिंगची पट्टी असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत दिव्याचे घर मडगार्डवर, मडगार्ड बोल्टवर आणि बोल्ट बॉडीवर, अशी परतीची वाट असते. नवा रंग आणि नवी बीडिंग झाली की तीही बंद.

मग वीज जाते कुठून? आमच्या सरांनी मुलांना शाळा सुटण्याची वेळ डोळ्यांपुढे आणायला सांगितली. मुख्य फाटक बंद आहे, तरी मुले थांबतात का? शेजारच्या वर्गातून, तिथून व्हरांड्यात, तिथून मागच्या दाराने, पण बाहेर पडतातच. नुसते टेल लाइट लावले की उजव्या टेल लाइटची वीज घरात येते, बाहेर पडायला अर्थ नाही, म्हणून शेजारच्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, ब्रेकच्या तारेने डाव्या दिव्यात जाते आणि तिथल्या अर्थने सुटते. २१ वॅटचे फिलामेंट थंड असताना त्याचा रोध अगदी थोडा असतो. त्यामुळे टेल लाइट जवळजवळ पूर्ण तेजाने लागतो आणि बिघाड दिसतच नाही. गॅरेजवाल्याचे "एकदम ओके" तिथेच फसले होते.

ब्रेक दाबला की तीच ब्रेकची तार धन होते. जी वाट बाहेर जाण्याची होती तिच्यातूनच आता गर्दी आत येते. उरते एकच वाट: मागच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटे, तिथून पुढच्या इंडिकेटरमध्ये आणि मग अर्थला. म्हणजे ब्रेक, मागचा इंडिकेटर आणि पुढचा इंडिकेटर हे २१ वॅटचे तीन बल्ब एकसरीत. बारा व्होल्ट तिघांत वाटले की वाट्याला चार-चार. दिव्याच्या घरात, म्हणजे पहिल्या बल्बनंतर, उरतात आठ. त्यात टेल लाइटही आपली थोडी भर घालतो, म्हणून आठाचे नऊ! आणि घरातच नऊ व्होल्ट चढले, तर टेल लाइटच्या दोन टोकांत फरक राहिला तीनचा. बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. पाव व्होल्टेजवर फिलामेंट जेमतेम तांबूस होते. उजवा दिवा का मंदावत होता आणि पुढचा पिवळा का मिणमिणत होता, या दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबात निघाले. ज्या मुलाने वहीत दोन रेघा ओढल्या होत्या त्याने ते फळ्यावर मांडले. तो सहामाहीत भौतिकशास्त्रात नापास झालेला मुलगा आहे. आम्ही नाव देत नाही, पण तो कोण हे त्याच्या वर्गाला ठाऊक आहे.

आता प्रश्न दुरुस्तीचा. बोल्टखाली रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला की काम झाले असते. पण रंग सरांनी हौसेने करून घेतलेला, म्हणून आधी काकूंना विचारावे असे ठरले. आम्ही आणि दोन विद्यार्थिनी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे केले होते. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "रंग २०११ च्या दिवाळीआधी केला. खरवडा की, त्यात काय!" मग जरा थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे तेव्हापासून तो दिवा असाच होता?"

तसेच दिसते, असे आम्ही म्हणालो.

"त्याच हिवाळ्यात यांनी रात्रीची गाडी काढणं सोडलं," काकू म्हणाल्या. "उज्जैनहून येताना दोनदा ट्रक अगदी अंगावर आला. म्हणाले, मला आता अंतर कळत नाही, वेळेवर ब्रेक लागत नाही, वय झालं. डोळे तपासले, चष्मा बदलला. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पण यांचा विश्वास नाही बसला. गाणं ऐकायला जायचो आम्ही दर महिन्याला. ते राहिलंच मग."

खोलीत कोणी काही बोलले नाही. आमच्याबरोबरची एक मुलगी चांगली बोलकी आहे, तीही गप्प बसली.

"म्हणजे डोळे ठीक होते," काकू म्हणाल्या. आणि उठून त्यांनी पोह्यांवर पुन्हा खोबरे घातले.

ते दोन प्रसंग नेमके या दिव्यामुळे घडले असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. महामार्गावर ट्रक कोणाच्याही अंगावर येतात. पण सरांनी स्वतःच्या वयाला दोष दिला आणि दिव्याला कोणी विचारले नाही, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी काम पुरे केले. बोल्टखालचा रंग काढला, खाली स्टार वॉशर घातला, वर ग्रीसचा हात फिरवला. तारांचे काय करावे यावर मात्र बरीच चर्चा झाली. विश्वस्तांपैकी एकांचे म्हणणे होते की गाडी जर्मन आहे तर मागच्या तारा काढून पुन्हा जर्मन रंगाच्या घालाव्यात. जुन्या गाडीची मूळ स्थिती जपावी, हा मुद्दा योग्यच आहे. उस्तादांचे म्हणणे, तार चांगली आहे, तांबे चमकते आहे, काढायची कशाला? आम्ही उस्तादांचे ऐकले. त्या अनोळखी अँबॅसडरवाल्याच्या तारा ठेवल्या, फक्त पिळे सोडवून नीट डाग दिले आणि वर नळी चढवली. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मुलींनी पांढऱ्या नळीचे तुकडे घालून त्यावर आकडे लिहिले: ५८ एल, ५८ आर, ५४. काळ्या तारेवर ३१. शिवाय दोन्ही दिव्यांच्या घरांतून बॉडीपर्यंत एकेक नवी जादा अर्थची तार टाकली. ती तपकिरी असावी असा मुलांचा हट्ट होता. तपकिरी मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "अर्थ के लिए? काली ले जाओ." तीन दुकाने फिरल्यावर तपकिरी मिळाली.

एकूण खर्च ६४० रुपये, त्यात उस्तादांचा रिक्षाखर्च धरलेला आहे. मेहनताना त्यांनी घेतला नाही. पावत्या कार्यालयात आहेत.

त्या संध्याकाळी दिवे लावून ब्रेक दाबला तेव्हा दोन्ही बाजू सारख्या उजळल्या. काळ्या तारेवर मीटर शून्याच्या घरात. हात झटकून घरी जायचे, तर मुलांनी आणखी वीस वेळा ब्रेक दाबायला लावला.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि ती रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. त्या नोंदणीचा अर्ज तयार आहे आणि विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवला जाईल. छपराचा विषयही त्याच बैठकीत आहे. तो स्वतंत्र आहे, त्याचा गाडीशी संबंध जोडू नये अशी विनंती.

पत्र पाठवणाऱ्या पालकांना कळवावेसे वाटते की सराव परीक्षा ठरल्या वेळी झाल्या. विद्युतधारेच्या प्रश्नात बल्बच्या एकसरी जोडणीचे गणित होते.

मुलांनी केलेला तारांचा नकाशा गाडीच्या पुढच्या झाकणाखाली प्लॅस्टिकमध्ये घालून लावला आहे. त्यात रंगांचे दोन रकाने आहेत, एक जर्मन आणि एक अँबॅसडरचा, आणि खाली मराठी व हिंदीत सूचना. उस्तादांनी तो वाचून एकच दुरुस्ती सुचवली. 'काळी' शब्दापुढे कोणती काळी ते प्रत्येक ठिकाणी लिहा, म्हणाले. मुलींनी तसे लिहिले आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी शनिवारी मधल्या सुटीत प्रयोगशाळेत यावे. ताडपत्री काढायला दोघे लागतात.